नवरंग, कावळा आणि पिट्टा : एका नावाची भानगड

पागोळी
रविवारी पहाटे चहाचं आधण ठेवलं होतं, आणि गॅलरीच्या काचेवर काहीतरी धप्पकन आपटलं. आधी वाटलं, वरच्या मजल्यावरून कुंडी पडली. जाऊन बघते तर तुळशीच्या शेजारी मुठीएवढं पाखरू. डोळे अर्धवट मिटलेले, चोच उघडी, छाती धडधडतेय. पाठ हिरवी, खांद्याशी चमकदार निळा तुकडा, पोट फिकट हळदीचं, डोळ्यावरून मानेपर्यंत काळी पट्टी आणि बुडाशी कुंकू सांडल्यासारखा लाल रंग. शेपूट मात्र नावापुरतं. कुणीतरी कातरून टाकल्यासारखं.

आम्ही ठाण्याला येऊरच्या बाजूला राहतो, त्यामुळे पक्षी नवे नाहीत. पण हा कधी पाहिला नव्हता. शेजारच्या काकांना हाक मारली. ते लुंगीवरच आले आणि म्हणाले, "अगं, हा तर नवरंग! रात्रभर उडत आलेला दिसतोय." त्यांच्या सांगण्यावरून चपलांचं रिकामं खोकं घेतलं, भोकं पाडली, तळाशी जुना पंचा घातला आणि त्याला आत ठेवून खोकं अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवलं. पाणी पाजायचं नाही, दाणे घालायचे नाहीत, सारखं उघडून बघायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात कठीण गेलं. दुपारनंतर आतून खुडबुड ऐकू यायला लागली. साडेपाचला जंगलाच्या कडेला नेऊन झाकण काढलं. दोन मिनिटं नुसता बसून राहिला, मग टुणकन उडी मारून करवंदीच्या जाळीत दिसेनासा झाला.

खरी गोष्ट यापुढे. माझा भाचा सुट्टीला आलाय, नववीत जाईल. त्याने लगेच शास्त्रीय नाव शोधलं : पिट्टा ब्रॅकियुरा. आणि मला विचारतो, "मावशी, पक्ष्याला पित्त हे नाव कुणी ठेवलं?" हसले, पण उत्तर येत नव्हतं. मग दोन रात्री वाचत बसले. कळलं ते असं : लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७६६ साली या पक्ष्याला नाव दिलं कॉर्व्हस ब्रॅकियुरस. कॉर्व्हस म्हणजे कावळा! नऊ रंगांच्या या पाखराला त्या गृहस्थाने कावळ्यांच्या पंगतीत बसवलं. पुढे १८१६ मध्ये व्हिएयो नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने पिट्टा ही वेगळी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) केली. पिट्टा हा शब्द म्हणे तेलुगू, अर्थ 'लहान पाखरू'. ब्रॅकियुरा ग्रीकवरून, 'आखूड शेपटीचं'. म्हणजे एवढा घाट घालून शास्त्रीय नावाचा अर्थ निघाला 'आखूड शेपटीचं पाखरू'. हे तर माझी कामवाली बाईसुद्धा खोक्यात डोकावून म्हणाली होती, "ताई, शेपूट कुठं गेलं याचं?"

आता भाच्याचे उरलेले प्रश्न तुमच्यावर सोडते. नावापुढे (लिनियस, १७६६) असं कंसात का लिहितात? ब्रॅकियुरसचं ब्रॅकियुरा का झालं? आणि तेलुगू शब्द पॅरिसला गेला कसा?


कातळ
पागोळीताई, खोक्याचं अगदी बरोबर केलंत. लोक चमच्याने चोचीत पाणी ओततात, ते श्वासनलिकेत जातं आणि पाखरू तिथेच मरतं. पक्षी जखमी असेल तर वन विभागाची १९२६ हेल्पलाइन आहे, तिथे फोन करावा.

आमच्याकडे गुहागरला हा जूनच्या तोंडावर येतो. थंडीत दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत असतो, पावसाळ्यात विणीसाठी वर येतो. कोकणात, मध्य भारतात, थेट हिमालयाच्या पायथ्यापर्यंत. रात्री प्रवास करतो, त्यामुळे दिव्यांनी भांबावून इमारतींत शिरतो आणि दमून सापडतो. पावसाच्या आधी पडवीत, गोठ्यात, एकदा तर आमच्या शाळेच्या हजेरीपटाच्या कपाटाखाली सापडला होता.

जंगलात दिसणं मात्र मुश्कील. पालापाचोळ्यात टुणटुण उड्या मारत किडे नि गांडुळं उकरत असतो, एवढे रंग असून पानांत विरघळून जातो. ओळख पटते ती शिळेने. पहाटे आणि संध्याकाळी मान मागे टाकून दोन सुरांची शीळ घालतो, पहिला सूर चढा, दुसरा उतरता. दोन वर्षांपूर्वी घरामागच्या कोकमाच्या बेचक्यात घरटं होतं. फुटबॉलएवढा काटक्या-पानांचा गोळा, बाजूला भोक. पाचोळा अडकलाय असं समजून मी झाडणार होतो, बायकोने अडवलं. आत पांढरी चकचकीत अंडी, त्यावर जांभळट ठिपके.


तिरकस
छान अनुभव. पण दोन शंका.

एक : नऊ रंग कुठले? फोटो समोर ठेवून मोजले. हिरवा, निळा, पिवळट, काळा, पांढरा, लाल. सहा. पायांचा गुलाबी धरला तर सात. बाकी दोन कुठे आहेत?

दोन : 'पिट्टा हा तेलुगू शब्द आहे' हे कुणी ठरवलं? व्हिएयो भारतात आलेला नाही. पॅरिसमध्ये बसून त्याला तेलुगू कोण शिकवत होतं? आपल्याकडे 'सगळं जग आमच्याकडूनच शिकलं' या पंथाचे लोक खूप आहेत. उद्या कुणी म्हणेल, पेंग्विन हा पंगूवरून आला. ध्वनी जुळला म्हणजे व्युत्पत्ती झाली असं नाही. पुरावा द्या, मान्य करतो.


जुना वड
तिरकसराव, शंका रास्त आहे, त्याकडे येतो. आधी भाच्याच्या दोन प्रश्नांची उत्तरं, कारण ती सोपी आहेत. चाळीस वर्षं हेच शिकवलंय, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

लिनियसने हा पक्षी जिवंत पाहिलेला नव्हता. त्याच्यासमोर होतं जॉर्ज एडवर्ड्‌स या इंग्रज चित्रकार-निसर्गतज्ज्ञाचं १७६४ सालचं रंगीत चित्र आणि वर्णन. पक्षी सिलोनचा. एडवर्ड्‌सने त्याला इंग्रजीत नाव दिलं होतं 'शॉर्ट टेल्ड पाय'. यातला पाय म्हणजे मॅगपाय, लांब शेपटीचा, कावळ्याचा सख्खा भाऊबंद. मॅगपाय कावळ्यांत, म्हणून आखूड शेपटीचा मॅगपायही कावळ्यांत, असा सरळ हिशेब लिनियसने केलेला दिसतो. आणि ब्रॅकियुरस म्हणजे एडवर्ड्‌सच्याच 'शॉर्ट टेल्ड'चं ग्रीक-लॅटिन रूप. म्हणजे त्याने नवं काही सुचवलं नाही, भाषांतर केलं. मान मात्र त्यालाच, कारण दोन शब्दी पद्धतीत नाव पहिल्यांदा त्याने छापलं. एडवर्ड्‌सचं नाव दोन वर्षं आधीचं असूनही नियमात बसत नाही.

आता कंस. लिनियसने नाव दिलं तेव्हा पक्षी कॉर्व्हस प्रजातीत होता, आज पिट्टा प्रजातीत आहे. मूळ घर बदललं की नाव ठेवणाऱ्याला कंसात घालतात, एवढाच त्याचा अर्थ. लग्नानंतर पत्रिकेत माहेरचं आडनाव कंसात घालायचे तसंच काहीसं. उलट बाजूचं उदाहरण हवं असेल तर आफ्रिकेतली पिट्टा अँगोलेन्सिस घ्या. तिचं नाव व्हिएयोनेच १८१६ मध्ये ठेवलं, तीही पिट्टा याच प्रजातीत. म्हणून तिच्यापुढे व्हिएयो, १८१६ असं कंसाशिवाय येतं.

रस आणि रा. आपण काळा कावळा म्हणतो, काळी मैना म्हणतो. विशेषण नामाचं लिंग धरतं. लॅटिनमध्येही तसंच. कॉर्व्हस पुल्लिंगी, म्हणून ब्रॅकियुरस. पिट्टा स्त्रीलिंगी धरलं, म्हणून ब्रॅकियुरा. पक्षी नर असो की मादी, त्याच्याशी संबंध नाही. २००६ मध्ये डीएनएच्या अभ्यासानंतर पिट्टांच्या कुळाचे तीन भाग पडले : पिट्टा, एरिथ्रोपिट्टा आणि हायड्रॉर्निस. ईशान्येकडे दिसणारी निळी पिट्टा हायड्रॉर्निसमध्ये गेली. ते नाम पुल्लिंगी, तेव्हा बिचारीची सायनिया होती ती सायनियस झाली.

गंमत अशी की कावळा शास्त्राच्या हिशेबात गायक पक्ष्यांच्या शाखेत मोडतो. आवाज कसाही असो, कंठाची रचना त्या शाखेची आहे. नवरंग एवढी गोड शीळ घालतो, पण त्या शाखेत नाही. त्याचं जवळचं नातं रुंद चोचीच्या ब्रॉडबिल पक्ष्यांशी. म्हणजे लिनियस चुकला तो नेमका दोन टोकांच्या पक्ष्यांची गाठ मारून.

तेलुगूचं उद्या. पुस्तक माळ्यावर आहे आणि शिडी नातवाने नेलीये.


पागोळी
माहेरच्या आडनावाचं उदाहरण भाच्याला एका क्षणात कळलं. मला मात्र जरा टोचलं. :)


सोलापुरी चटणी
मी सोलापूरचा, घरात तेलुगू. आमच्या पद्मशाली गल्लीत निम्मं बोलणं तेलुगूत आणि निम्मं मराठीत चालतं, भांडण मात्र तिन्ही भाषांत.

तिरकस, व्हिएयोचं मला माहीत नाही, पण शब्द तेलुगू आहे याबद्दल शंका ठेवू नका. पिट्ट. ट जड, शेवटचा अ आखूड. पित्ताशी काडीचा संबंध नाही. कुठल्याही लहान पाखराला पिट्ट म्हणतात. तेनेपिट्ट म्हणजे शिंजीर, तेने म्हणजे मध. लकुमुकी पिट्ट म्हणजे खंड्या. पालपिट्ट म्हणजे तुमचा नीलपंख, तेलंगणाचा राज्यपक्षी. दसऱ्याला तो दिसला तर वर्ष चांगलं जातं असं मानतात. माझी आजी सीमोल्लंघनाहून येताना तारांवर नजर लावून बसायची, आणि तो नाही दिसला तर घरी येऊन कॅलेंडरावरचा बघायची. चालतो म्हणे.

आणि शब्द नुसता पक्ष्यांपुरता नाही. पिट्टकथ म्हणजे मोठ्या कथेत मध्येच सांगतात ती छोटीशी गोष्ट. पिट्टगोड म्हणजे गच्चीचा किंवा गॅलरीचा बुटका कठडा. पागोळीताई, तुमचं पिट्ट पिट्टगोडेवरच येऊन पडलं!


तिरकस
माहिती सुरेख. पिट्टकथ तर चोरणार आहे. पण मुद्दा तोच राहतो. तेलुगूत पिट्ट आहे हे सिद्ध झालं, व्हिएयोचा पिट्टा तिथूनच आला हे नाही.


दुर्वांकुर
तोवर मी थोडी भर घालते. लग्नानंतर बारा वर्षं चेन्नईत आहे. इथे हा पक्षी थंडीत येतो आणि त्याचं तमिळ नाव फार गोड आहे : आरुमणि कुरुवि. सहा वाजताचं पाखरू. पहाटे सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास शीळ घालतो म्हणून. कातळ म्हणाले तेच, फक्त घड्याळ लावून.

श्रीलंकेत सिंहली लोक त्याला अविच्चिया म्हणतात, तेही आवाजावरूनच. तिथे एक गोष्ट सांगतात की मोराने याचा झळझळीत पोशाख पळवला आणि तेव्हापासून हा बिचारा तक्रार करत फिरतोय. मला कळत नाही, उरलेल्या पोशाखात हा दिसतो असा, तर पळवलेला केवढा असेल?

माझ्या मते नाव असावं तर आरुमणि कुरुविसारखं. हा पक्षी दिसत नाही, ऐकू येतो, आणि तमिळ माणसाने नेमकं तेच धरलं. लिनियसला मेलेल्या पक्ष्याचं चित्र मिळालं, त्याला शेपूट दिसली. मेलेला पक्षी शीळ कुठून घालणार?


कातळ
दुर्वाताई, हे लाख बोललात. आमच्या आजीला नवरंग हा शब्द माहीतच नव्हता. ती त्याला 'तो शिळेवाला' म्हणायची.


ब्रिस्बेनकर
नमस्कार मंडळी, इथे पिट्टाचा भाऊ राहतो. पिट्टा व्हर्सिकलर, इंग्रजीत नॉइझी पिट्टा. क्वीन्सलँडच्या पावसाळी जंगलात. पाठ हिरवी, खांद्याला निळा तुकडा, बुडाशी लाल, म्हणजे घराण्याची सगळी लक्षणं, फक्त डोकं तपकिरी-काळं. गोगलगाय पकडून दगडावर आपटून फोडतो, आणि ठरावीक दगडाशी शंखांच्या कपच्यांचा ढीग पडलेला असतो. त्याच्या हाकेला इथले लोक 'वॉक टू वर्क' म्हणतात. पावशाचं 'पेरते व्हा' ऐकत वाढलेल्या माणसाला परदेशातही पक्षी कामालाच जुंपतो हे बघून भरून आलं.

इथल्या पक्षीमित्रांच्या गटात मी एकदा पिट्टाचा अर्थ विचारला. एकाने मनापासून सांगितलं की तो भाकरीवरून आला असावा, पिटा ब्रेड. कारण जमिनीवर चपटा बसतो.


जुना वड
शिडी मिळाली.

तिरकसराव, हा तुमचा पुरावा. आल्फ्रेड न्यूटन हा केंब्रिजचा प्राध्यापक, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा पक्ष्यांचा कोश निघाला. पिट्टा या शब्दाखाली तो आधी सांगतो की शब्द तेलुगू, अर्थ लहान पक्षी, आणि व्हिएयोने त्याला लॅटिन वेष दिला. इथवर सगळीकडे सापडतं. खरा माल तळटीपेत आहे. त्याचा आशय असा : पक्षिशास्त्रात हा शब्द पहिल्यांदा येतो १७१३ साली. व्हिएयोच्या शंभर वर्षं आधी, लिनियसच्याही आधी.

झालं असं की मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा एडवर्ड बकली नावाचा शल्यवैद्य होता. त्याने तिथल्या पक्ष्यांची माहिती लंडनला पाठवली, जेम्स पेटिव्हरकडे. पेटिव्हर औषधविक्या, पण जगभरातून किडे, शिंपले, पानं, पक्षी जमा करायचा छंद. जॉन रे हा थोर निसर्गतज्ज्ञ १७०५ मध्ये वारला होता, त्याचा पक्ष्यांवरचा ग्रंथ १७१३ मध्ये छापला गेला, आणि त्याला मद्रासच्या पक्ष्यांची पुरवणी म्हणून पेटिव्हरचं हे टिपण जोडलं. त्यात आपल्या नवरंगाचं स्थानिक नाव दिलंय : 'पोन्नंकी पिट्टा'.

न्यूटन पुढे हेही सांगतो की जर्डनच्या काळातही, म्हणजे दीडशे वर्षांनी, तेलुगूत या पक्ष्याचं नाव पोना-इंकी असंच होतं. जर्डन म्हणजे टॉमस जर्डन, मद्रासच्या लष्करातला डॉक्टर. भारतीय पक्ष्यांवरचे त्याचे खंड १८६२ पासून निघाले, आणि पक्ष्यांची देशी नावं टिपायची त्याला चांगली खोड होती. नौरंग हे हिंदी नावही त्याने नोंदवलंय. शास्त्रीय नाव मात्र त्याच्या पुस्तकात पिट्टा बेंगालेन्सिस आहे. ब्रॅकियुराचा जम नंतर बसला.

म्हणजे पॅरिसला तेलुगू शिकवायला कुणी जावं लागलं नाही. शब्द लॅटिन ग्रंथात शंभर वर्षं पडून होता, कुणीही उचलावा.


तिरकस
मागे घेतो. पुरावा भक्कम आहे. पंगू-पेंग्विनबद्दलही माफी, ते उदाहरण जरा अति झालं.

पण आता मला दुसरंच खुपायला लागलंय. नीट बघा काय झालं ते. बकलीला मद्रासला कुणीतरी सांगितलं, 'हा पोन्नंकी पिट्ट'. म्हणजे पोन्नंकी हे नाव, आणि पिट्ट म्हणजे नुसतं पाखरू. आपण साळुंकी पक्षी म्हणतो, तसं. आणि शास्त्राने उचललं काय? पिट्ट! खरं नाव गळलं आणि 'पाखरू' तेवढं उरलं. हे म्हणजे कोकणात एखाद्या साहेबाने विचारावं, हे झाड कुठलं, आपण सांगावं 'रातांब्याचं झाड', आणि त्याने लंडनला जाऊन वनस्पतीचं नाव 'झाडा' असं छापावं.

आता ते 'पाखरू' आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत चाळीसहून अधिक जातींचं कुळनाव होऊन बसलंय, आणि पोन्नंकी तळटीपेत.


सोलापुरी चटणी
झाडा!! चहा नाकातून आला.

पण तिरकस बरोबर बोलतोय. आमच्याकडे कुणी नुसतं 'पिट्ट' म्हणालं तर पुढचा प्रश्न ठरलेला : एं पिट्ट? कुठलं पाखरू? शास्त्राने तो प्रश्न विचारलाच नाही. मी काल रात्री वडलांना पोन्नंकी म्हणून दाखवलं. ते गिरणीत गेलेले, रानात नाही. म्हणाले, "कुठल्या गावचं आडनाव आहे?"


दुर्वांकुर
अरे पण थोडी दुसरी बाजू. निदान शब्द आपल्या मातीतला राहिला. इंग्रजांनी तेव्हा पिट्टांना काय काय म्हटलं होतं माहितीये? ग्राउंड थ्रश, अँट थ्रश. कस्तुराचे नातेवाईक ठरवून टाकलं होतं. फ्रेंच नाव आहे ब्रेव्ह, म्हणजे आखूड. तिथेही शेपूटच. या सगळ्यांत टिकलं कोण, तर तेलुगू. आज इंग्रजीत पक्ष्याचं रोजचं नावही पिट्टाच आहे.


ब्रिस्बेनकर
दुर्वाताई, दयाळची गोष्ट याच जातीची आहे. दयाळ हे आपलं साधं नाव. इंग्रजांनी ऐकलं 'डायल', म्हणून झाला डायल बर्ड. मग लव्हेयाँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने डायलचा अर्थ लावला आणि पक्ष्याचं नाव ठेवलं काद्राँ. म्हणजे सूर्यघड्याळ. दया कुठच्या कुठे, हातात राहिलं घड्याळ.


जुना वड
बरोबर. आणि त्याचं शास्त्रीय नाव कॉप्सिकस सौलारिस. तेही देशी नावावरूनच आलं असं मानतात, पण काही काळ विद्वानांना वाटायचं की लिनियसला सोलारिस, म्हणजे सूर्याचा, म्हणायचं होतं आणि छापताना चूक झाली. डायल, सूर्यघड्याळ, सूर्य, सगळं आपोआप जुळलं. एका चुकीच्या ऐकण्यावर तीन माणसांनी इमला बांधला.


पागोळी
मंडळी, मी हे सगळं भाच्याला वाचून दाखवतेय आणि त्याला रोज नवा प्रश्न पडतोय. आजचा : माणसांची नावं पक्ष्यांना का देतात? त्याला कुठेतरी 'गर्नीज पिट्टा' सापडलाय.


तिरकस
हा माझ्या आवडीचा विषय. गर्नी हा इंग्लंडमधला बँकवाला आणि हौशी पक्षीतज्ज्ञ. त्याचं नाव पिट्टाला दिलं १८७५ मध्ये, दिलं कुणी, तर ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमने. होय, तेच काँग्रेस स्थापनवाले. ह्यूम भारतात पक्ष्यांचं नियतकालिक चालवायचा, त्यात हे छापलं. नर पाहाल तर डोक्यावर गर्द निळा, छाती काळी, बाजूंना पिवळ्यावर काळे पट्टे. आणि एवढ्या देखण्या पाखराच्या नावातून कळतं काय? तर ह्यूमचा एक स्नेही होता. ब्रॅकियुराने निदान शेपूट तरी सांगितली.

विसाव्या शतकात मधली तीसेक वर्षं तो कुणाला दिसलाच नाही, संपला असं वाटत होतं. १९८६ मध्ये दक्षिण थायलंडमध्ये पुन्हा सापडला, २००३ मध्ये म्यानमारमध्ये. सपाटीवरचं जंगल तोडून तेलताडाच्या बागा केल्या, त्यात त्याचं घर गेलं. थायलंडमधून जवळजवळ नाहीसाच झालाय.


जुना वड
जोड देतो. तोही आता हायड्रॉर्निसमध्ये आहे, त्यामुळे (ह्यूम, १८७५) असं कंसात. भाच्याला विचारा, का ते. आलं पाहिजे.

माणसांच्या नावांवर अमेरिकेत बराच वाद झाला. २०२३ मध्ये तिथल्या पक्षिशास्त्र संस्थेने ठरवलं की आपल्या अखत्यारीतली व्यक्तींवरून पडलेली इंग्रजी नावं बदलायची. शास्त्रीय नावांना मात्र हात लावलेला नाही, लावता येतही नाही. शास्त्रीय नाव चुकीचं असलं, अपमानकारक असलं तरी आधीचं ते खरं. ईशान्येकडे एक सुरेख हिरवा पिट्टा आहे, काळा चेहरा, तपकिरी टाळू, लाल बूड. त्याचं नाव पिट्टा सॉर्डिडा. सॉर्डिडा म्हणजे मळकट. १७७६ पासून तो मळकटच आहे.


कातळ
मळकट! आणि आमच्याकडे नवरी गोरी नसली तरी पत्रिकेत 'गव्हाळ' लिहितात.

एक विनंती करून थांबतो. आता हंगाम आहे. गेल्या वर्षी आमच्या भागात फोटोवाले मोबाइलवर नवरंगाची शीळ लावून त्याला बाहेर काढत होते. दुसरा नर आपल्या हद्दीत आलाय असं समजून तो धावत येतो, घरटं सोडून तासतासभर भांडत बसतो. रंगीत फोटो मिळतो, अंडी कावळा खातो. खरा कॉर्व्हस. तेव्हा फोटो काढा, पण शीळ त्याची त्याला घालू द्या.


पागोळी
कातळ, हे वर धाग्यातच घालते.

भाच्याने कंसाचं उत्तर बरोबर दिलं. शिवाय एक तक्ता केलाय. मधोमध नवरंगाचं चित्र, पोट जरा जास्तच भगवं झालंय. आजूबाजूला सगळी नावं : नवरंग, नौरंग, आरुमणि कुरुवि, अविच्चिया, ब्रेव्ह, पिट्टा ब्रॅकियुरा. आणि सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठ्या अक्षरात, पोन्नंकी. मी म्हटलं, हे खाली छोटं लिही, हे आता कुणी वापरत नाही. तर म्हणतो, "म्हणून तर मोठं लिहिलंय."


सोलापुरी चटणी
त्याला आमच्याकडून शेंगाचटणीची बरणी. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.


तिरकस
तक्ता उत्तम. पण त्याला विचारा, रंग किती भरले? माझे अजून सातच होतायत.


कातळ
पावसात भिजलेला बघा, मग मोजा. आज पाच पन्नासला पहिली शीळ ऐकली. दहा मिनिटं लवकर, दुर्वाताई.